आमदार याकोबच्या कंपनीची हजेरी

रविवार, १४ सप्टेंबर २०१४. जर्मनीत बॉबलिंगेनजवळच्या एका गावातलं चर्च. ०९१५ वाजता हजर: जर्मन सैन्यातून निवृत्त झालेला सार्जंट कुर्ट, ८१ वर्षांच्या फ्राऊ बाउर्ले, माझा नवरा शिरीष, आणि मी, भारतीय सैन्याच्या वाहतूक तुकडीतली माजी मेजर.

११०० ला याकोबच्या स्मृतिफलकाचं अनावरण होतं. याकोब याच गावचा सुतार. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेला गेला, घोडागाड्या बनवल्या, तिथल्या एका राज्याच्या विधानसभेत निवडून आला. आपल्या भाषेत आमदार. यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा आमदारकी सोडली, अमेरिकेत गेलेल्या गावच्या पोरांची कंपनी उभी केली आणि तिचा कॅप्टन झाला. युद्धानंतर एकदा पडला, दोनदा निवडून आला. विधवांच्या पेन्शनसाठी शेवटपर्यंत भांडला. फलकावर त्याच्या नावाखाली कंपनीतल्या मृतांची नावं होती.

मी गिनती खालून वर करते. वरून वाचलं की डोळा सवयीने पुढे पळतो. फलकावर अकरा. कुर्टने जमवलेल्या फायलीतल्या रोलवर, म्हणजे कंपनीच्या हजेरीपटावर, परत न आलेले बारा.

"मेजरसाहेब, आज सुटी आहे," शिरीष म्हणाला.

"एक माणूस कमी आहे."

कुर्टने आवाज खाली आणला. "गॉटलीब. फरार. रोलवर तसंच लिहिलंय."

फ्राऊ बाउर्लेंना ऐकू गेलंच. गॉटलीब त्यांच्या पणजोबांचा भाऊ. "घरात त्याचं नाव घेत नसत," त्या म्हणाल्या. "पळाला असेल तर तेही सांगा. पण नक्की सांगा."

फौजेत रोलवरची नोंद खोडत नाहीत. दुरुस्तीचा वेगळा कागद निघतो आणि तो भलतीकडेच फाइल होतो.

"कुर्ट, रोलनंतरचे कागद?"

"आल्झो, म्हणजे, ते याकोबच्या आमदारकीचे. भाषणं, अर्ज. कुणी वाचलेले नाहीत."

"किती पानं?"

"दोनशे."

"शिरीष, पहिली शंभर तुझी."

१०३५ ला शिरीषने हात वर केला. याकोबने आमदार असताना दिलेलं प्रतिज्ञापत्र: गॉटलीबला निरोप देऊन मी नदीपलीकडे पाठवलं. निरोप पोहोचला. परतताना तो बुडाला. फरार ही नोंद माझी आणि चूकही माझी. खाली दुरुस्ती मंजूर झाल्याचा शेरा.

कुर्टने कागद दोनदा वाचला आणि फ्राऊ बाउर्लेंसमोर सावधान उभा राहिला.

"बरं, बरं," त्या म्हणाल्या. "आता खुर्ची आण."

११०० ला फलकासमोर मी बाराही नावांची हजेरी घेतली. बाराव्या नावाला फ्राऊ बाउर्लेंनी बसल्या जागेवरून "हजर" म्हटलं. खणखणीत.

नंतर त्यांनी विचारलं, मला हे सुचलं कसं. मी सांगितलं. सिक्कीममध्ये आमच्या ताफ्यावर दरड कोसळली. संध्याकाळच्या गिनतीत ड्रायव्हर नाईक संभाजी नव्हता. त्याची गाडी रस्त्यावर रिकामी उभी होती. मी 'विनापरवाना गैरहजर' लिहिलं. तिसऱ्या दिवशी तो दरडीखाली सापडला. मागच्या गाड्या थांबवायला पायी गेला होता. सगळ्या गाड्या थांबल्या होत्या. दुरुस्तीच्या कागदावर माझीच सही आहे.

"आणि त्याच्या आईला कुणी सांगितलं?"

कागद पोस्टाने गेला. जतजवळच्या त्याच्या गावी मी अजून गेलेले नाही.