दुसरीच्या बाईंना मिळालेला शेरा

औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या बजाजनगरच्या मागं भाड्याच्या खोल्यांची दाट वस्ती आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मुख्याध्यापिका होते. शाळेत मुलं भरपूर, पण जूनमध्ये आलेलं मूल मार्चपर्यंत टिकेलच असं काही सांगता यायचं नाही. बाप कंपनीत ठेकेदाराकडं कामाला. ठेका संपला की खोली रिकामी, आणि पोरगं शाळेला न सांगताच गेलेलं. कोणी परभणीला, कोणी पुण्याकडं, कोणी पार बिहारला. महिन्याभरात त्या जागेवर दुसरंच कोणी येऊन बसलेलं असायचं.

दुसरीचा वर्ग ज्या बाईंकडं होता, त्या वैजापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातल्या. माझ्याहून बऱ्याच लहान. आवाज खणखणीत, चालणं भरभर. त्या आल्या त्याच वर्षी त्यांनी वर्ग गल्लीत न्यायला सुरुवात केली. मी विचारलं तर म्हणाल्या, "मॅडम, ही पोरं घरी हिंदी बोलतात, भोजपुरी बोलतात. पुस्तकातलं गाव त्यांनी बघितलंय कुठं? गल्ली तरी रोज बघतात." मग काय, दुपारी सगळी वरात बाहेर. किराणा दुकान, पंक्चरवाला, गिरणी. पाट्या ओरडून वाचायच्या. पंक्चरवाला त्यांना येताना बघून रस्त्यातली टायरं बाजूला ओढून घ्यायचा.

त्या वर्गात बिहारमधून आलेली एक मुलगी होती. पहिले काही महिने तिनं तोंडच उघडलं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीआधी मी सहज त्यांच्याबरोबर बाहेर पडले, तर ती गिरणीसमोर थांबली आणि बोट ठेवून वाचायला लागली, "दळण... सोमवारी... बंद राहील." वाचून झालं आणि काळजीनं माझ्याकडं वळली. "मॅडम, मग सोमवारी पीठ कुठनं आणायचं?" बाईंनी तिला तिथंच उचलून घेतलं. मला म्हणाल्या, "बघितलं का, हिला कळलं पण!"

दिवाळीनंतर शाळा उघडली तर वर्ग निम्मा रिकामा. एका कंपनीतला ठेका संपला होता आणि दोन गल्ल्यांमधली बहुतेक कुटुंबं निघून गेली होती. ती मुलगीही गेली. बाई त्यांच्या खोलीपर्यंत जाऊन आल्या, दाराला दुसऱ्याच माणसाचं कुलूप होतं. पुढच्या दिवसांत नवी मुलं येत राहिली. काहींनी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं. वयानुसार त्यांना दुसरीत बसवावं लागलं, तसा नियमच आहे. बाईंनी पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू केलं.

थंडी सरत आली तेव्हा तालुक्याच्या शिक्षण खात्यातले साहेब तपासणीला आले. मुलं किती वाचतात यावरून शिक्षकाचं काम मोजायचं, असं तेव्हा चालू होतं. त्यांनी एकेका मुलाला उभं करून उतारा वाचायला दिला. जुनी मुलं वाचत होती. नवी नुसती पुस्तक धरून उभी राहिली.

"दुसरी संपत आली आणि याला अक्षरओळख नाही?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, तो आत्ताच आलाय. अजून नीट रुळलाही नाही," बाई म्हणाल्या.

"पटावर आहे ना?"

"आहे."

"मग झालं."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, यांनी शिकवलेली निम्मी मुलं गाव सोडून गेली. ती वाचत होती. मी स्वतः ऐकलंय."

साहेब काही वाईट माणूस नव्हते. चष्मा काढून डोळे चोळत म्हणाले, "खोटं कशाला म्हणू, मॅडम. पण गेलेली मुलं मी कुठं लिहू? त्याला रकानाच नाही."

शिक्षकाचा वार्षिक गोपनीय अहवाल मुख्याध्यापकानं लिहायचा आणि तपासणीच्या साहेबांनी त्यावर आपला शेरा मारायचा. मी बाईंना 'अ' दिला होता. वरून तो 'ब उणे' होऊन आला. सोबत एक ओळ होती, 'अध्यापनात रस दिसत नाही.' असा प्रतिकूल शेरा शिक्षकाच्या हातात देऊन पोच घ्यावी लागते. ते कामही माझंच.

त्यांनी खुर्चीत न बसताच वाचलं. मग परत वाचलं. "रस नाही?" एवढंच म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला. "मॅडम, माझं काय चुकलं तेवढं सांगा. मी सुधारते."

मी पाण्याचा ग्लास पुढं केला.

शेऱ्याविरुद्ध आम्ही लेखी अर्ज केला. मी माझं पत्र जोडलं, दोनदा त्यांच्याबरोबर कार्यालयात गेले. तिथल्या बाबूनं अदबीनं बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं, "ते साहेब बदलून गेले. नवे साहेब जुन्याचं लिहिलेलं कसं खोडतील?" पावसाळ्यात उत्तर आलं. शेरा कायम.

त्या वर्षी दुसरीचा वर्ग गल्लीत गेला नाही. दारं बंद करून उतारे घोकण्याचा आवाज यायचा. तपासणीच्या दिवशी मुलांनी धडाधड वाचलं, नव्या मुलांनीसुद्धा. नवे साहेब खूष झाले. ते गेल्यावर मी एका मुलापुढं त्याच पुस्तकाचं दुसरं पान धरलं. त्यानं पानावर बोट ठेवलं आणि मघाचाच उतारा शेवटपर्यंत म्हणून दाखवला.

"बाई, याला वाचणं म्हणत नाहीत," मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं.

"मला माहितीय, मॅडम." त्या चिडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. "मार्चमध्ये हा कुठं असेल तेही मला माहीत नाही. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

त्या वर्षीच्या अहवालात मी 'अ' लिहिला आणि या खेपेला वरूनही 'अ'च आला. माझ्या केबिनमध्ये आल्या तेव्हा मी म्हटलं, "अभिनंदन." त्यांनी मान हलवली, घंटा झाली म्हणाल्या आणि वर्गाकडं गेल्या.

आता मी निवृत्त आहे. अधूनमधून त्यांचा फोन येतो. शाळा कशी आहे असं विचारलं की म्हणतात, "चाललंय, मॅडम." आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात.