सहा नंबर जरा आळशी आहे

ऑपरेशन्स मॅनेजर फहद यांनी माझ्या टेबलावरचा स्क्रीन स्वतःकडे वळवला.

"हा मांजराचा फोटो कोणत्या कामाचा?"

"सितीच्या घरची मांजर आहे. पिल्लं झाली."

"सिती कोण?"

सिती क्वालालंपूरला बसायची. सौदी अरेबियात, बुरैद्याला असलेल्या आमच्या कोल्ड स्टोरेजचे तापमान तिथून इंटरनेटवर पाहिले जाई. रुतब, म्हणजे मऊ ताजा खजूर, हंगामात गोठवायचा आणि रमजानमध्ये बाजारात आणायचा, हा कंपनीचा धंदा. हाफिज, सिती आणि आणखी एक जण, एवढेच त्यांचे ऑफिस. गिऱ्हाईक एकच, आम्ही. करार वाढवायचा की नाही, हे हंगाम संपल्यावर ठरणार होते.

'कोपी' हा त्यांचा ऑनलाइन ग्रुप. कोपी म्हणजे कॉफी. तापमान विभागाचा सुपरवायझर म्हणून मलाही त्यात घेतले होते. तिथला पाऊस, ट्रॅफिक, तिथले डुरियन हे फळ यंदा गोड की नाही, असे विषय चालत. सुरुवात नेहमी "दाह माकान?" अशी. जेवलात का? आमच्या दापोलीहून फोन आला की पहिला प्रश्न हाच असतो, त्यामुळे मला ते परके वाटले नाही.

फहद यांनी आणखी खाली पाहिले. पिल्लांच्या फोटोखाली हाफिजचे वाक्य होते : 'अबांग, सहा नंबर आज जरा आळशी आहे.' अबांग म्हणजे थोरला भाऊ. तो मी.

"हे रिपोर्टिंग?"

"हो. आळशी म्हणजे ताबडतोब बघा. मी ती खोली बघितली, फॅन बदलला."

"मग तसं लिहायला सांगा. पुढच्या आठवड्यापासून सगळं टिकेटवर. ग्रुप खलास."

टिकेट म्हणजे तक्रारीची ऑनलाइन नोंद. ती किती तातडीची, हे लिहिणाऱ्याने निवडायचे. ती पाहण्याचे काम तुर्की या नव्या इंजिनिअरकडे गेले. सौदीकरणाची वर्षे होती. माझ्या जागी स्थानिक माणूस नेमणे कंपनीला भाग होते. मला 'सल्लागार' केले आणि टिकेटच्या सिस्टीममधून माझे नाव काढले. तुर्की कष्टाळू होता. तातडीची टिकेटे तो त्याच दिवशी संपवायचा.

मी हाफिजला फोन केला. "आता स्पष्ट लिहायचं. आडवळण नको."

"अबांग, ते टिकेट तुमचे मोठे साहेब वाचतात. तिथे मशिन खराब आहे असं लिहिलं तर तुमच्या टेक्निशियनची लाज जाते."

"जाऊ दे."

"बरं. स्पष्ट लिहितो."

खजूर भरून झाल्यावर सहा नंबरच्या खोलीत डिफ्रॉस्ट अडखळू लागले. थंडी देणाऱ्या नळ्यांवर बर्फ साचतो. तो ठराविक वेळाने वितळवणे म्हणजे डिफ्रॉस्ट. तो साचतच गेला तर हवा अडते आणि खोली तापते. हाफिजने टिकेट टाकले : 'सहा नंबरकडे सवड मिळाल्यास कृपया पाहावे.' तातडी : सर्वांत कमी.

त्या आठवड्यात आणि शुक्रवारच्या सुट्टीतही कोणाला सवड मिळाली नाही. शनिवारी दार उघडले तेव्हा आतला वास बाहेरच्या गल्लीपर्यंत आला. रुतब आंबला होता. एकही खोका वाचला नाही.

मी पुन्हा फोन लावला. "हाफिज, मी स्पष्ट लिही म्हटलं होतं."

"लिहिलं होतं, अबांग." त्याचा आवाज खाली गेला. "'कृपया पाहावे' असं लिहिलं. याच्यापेक्षा कडक आम्ही कोणाला लिहीत नाही."

मीटिंगमध्ये मी हेच सांगितले. फहद यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"मी हेड ऑफिसला काय सांगू? की त्यांनी आधी आपल्याला जेवलात का विचारायला हवं होतं?"

"हो."

कोणी हसले नाही. करार रद्द झाला. निरीक्षण बुरैद्यातच सुरू झाले. माझा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुढे वाढवणार नसल्याचे त्याच महिन्यात कळले.

करार रद्द केल्याचे पत्र गेले त्या दुपारी फोनवर हाफिजचा मेसेज आला : 'अबांग, दाह माकान?'

मी 'दाह' लिहिले, म्हणजे 'हो, जेवलो'. मग सवयीने पुढच्या वाक्याची वाट पाहिली. ते येईना, तेव्हा विचारले, 'काय बिघडलंय?'

'काही नाही. आता बघायला खोलीच नाही. नुसतं विचारलं.'

कामाची पद्धत बदलताना जुनी माणसे वाईट बातमी कशी सांगतात, हे आधी पाहून घ्यावे. नंतर ती सांगायला राहत नाहीत.