गोपिकेनं सांगितलेलं नाव

कृष्णकांत देवपुजारी भित्रे होते. थोडेथोडके नाही, अट्टल भित्रे. कचेरीत तीस वर्षं काढली, पण सही करायच्या आधी टाकावरची शाई वाळून जायची. स्टोव्ह पेटवताना तोंड दाराकडे. सायकल शिकलेच नाहीत. लग्न का केलं नाही, तर आई बाळंतपणात गेली होती. बायकोही तशीच गेली तर? धरमपेठेतल्या दोन खोल्यांत हा माणूस आयुष्यभर आतून कडी लावून बसला.

ती कडी काढायला लावली शेजारच्या गोपिकेनं. तिचे आईबाप, जयवंता आणि चंपतराव गावंडे, सावनेरकडचं शेतकरी घरचं जोडपं. चंपतराव कळमेश्वरच्या कारखान्यात पाळीवर. कधी घरी, कधी नाही. पोर रांगायला लागली तशी मधला व्हरांडा ओलांडून देवपुजाऱ्यांच्या ताटाशी जाऊन बसू लागली. त्यांना ‘आबाजी’ म्हणू लागली. आबाजींनी टेबलाच्या चारही कोपऱ्यांना चिंध्या बांधल्या, तिला लागू नये म्हणून. जयवंता पदर तोंडाला लावून हसायची.

शहात्तरच्या पावसाळ्यात गोपिकेला गोवर निघाला. चार वर्षांची पोर वाळून काडी झाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंता म्हणाली, "काकाजी, हिले मारबत दाखवून आणता का? उरलीसुरली पीडा मारबतच घेऊन जाईन. माह्याच्यानं एवढं चालणं होत नाही." तिला सातवा महिना होता आणि चंपतराव पहिल्या पाळीला गेलेले. इतवारीच्या गर्दीचं नाव ऐकूनच कृष्णकांत दाराआड सरले. पण पोरीच्या गोवरापुढं स्वतःच्या भीतीचे लाड किती करायचे? निघाले.

इतवारीत मुंगीला जागा नव्हती. त्यांनी गोपिकेचं मनगट असं धरलं होतं की ती दोनदा कुरकुरली. मग काळी मारबत आली, दुमजली घराएवढा तो बाईचा पुतळा, गावाची रोगराई वाहून नेणारा. हलग्या कडाडल्या. लोक हात वर करून ओरडू लागले, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" जन्मात आवाज न चढवलेल्या कृष्णकांतांना काय झालं कोण जाणे. गोपिकेचे ते तापातले लाल डोळे आठवले आणि दोन्ही हात वर करून ते जीव खाऊन ओरडले, "गोवर घेऊन जा गे मारबत!"

दोन्ही हात.

खाली आणले तेव्हा गोपिका नव्हती.

ते वाकले, लोकांच्या पायांत शोधू लागले. कुणाचा तरी गुडघा कानशिलावर बसला, चष्मा गेला. "गोपिका! गोपिका!" हलग्यांपुढं त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येईना. चेंगरली असेल. कुणी उचलून नेली असेल. चौकात एका मंडळाच्या मांडवात हरवलेली पोरं बसवतात असं कळलं, म्हणून धडपडत तिथं गेले. नत्थूजी नावाचा स्वयंसेवक यादी घेऊन उभा होता.

"गोपिका चंपतराव गावंडे!"

"गावंडे कोणी नाही जी."

मग तासभर ते इतवारीच्या गल्ल्या पालथ्या घालत हिंडले. लाज वाटावी असा विचारही मनात आला, की घरी जाऊच नये, सरळ स्टेशनावर जावं आणि मिळेल त्या गाडीत बसावं. जयवंतेला कुठल्या तोंडानं सांगणार? पण पाय स्टेशनाकडे वळेनात. पुन्हा मांडवाशी आले.

"गावंडे?"

"अहो, नाही म्हटलं नं एकदा!"

"आबाजी!" आतून आवाज आला. कनातीमागे सतरंजीवर गोपिका बसली होती, मांडीवर मुरमुरे.

नत्थूजीनं यादी पाहिली. "हे पोरगी तर देवपुजारी सांगून राहिली. गोपिका कृष्णकांत देवपुजारी. मघापासून भोंग्यावर बोंबलून राहिलो, बाप येतच नाही! तुम्हीच का बाप?"

तीस वर्षांचा कारकून. खोटी नोंद हातून कशी होणार? "नाही," कृष्णकांत म्हणाले. "शेजारी आहे."

"मंग पोरगी तुमाले कशी देऊ?"

हे तर खरंच होतं. पण तोवर गोपिकेनं त्यांच्या धोतराला मिठी मारून भोकाड पसरलं होतं. ते पुन्हा जीव खाऊन ओरडले, "माझी आहे! लिहा काय लिहायचं ते!" नत्थूजीनं एकदा पोरीकडे पाहिलं आणि नावापुढं खूण केली.

घरी आल्यावर त्यांनी व्हरांड्यातच सगळं सांगितलं, हात वर केले तेही. जयवंता पोरीला पोटाशी धरून रडत होती. आता दार लावून घेईल, परत कधी उघडणार नाही, असं कृष्णकांतांना वाटलं.

"आणि तिनं माझंच नाव कसं सांगितलं, मला कळत नाही," ते पुटपुटले. "चंपतरावांना सांगू नका."

"त्याइले माहीत हाये," जयवंता डोळे पुसत म्हणाली. "आम्हीच शिकवलं तिले. तिचा बाप कधी घरी, कधी पाळीवर. हरवली तर म्हटलं जो घरी सापडन त्याचं नाव सांगजो."

कृष्णकांत पायरीवर बसले.

"आणि मी घरी नसलो तर?"

"तुम्ही?" जयवंता म्हणाली. "तुम्ही कुठं जाता जी आम्हाले सोडून?"