'शांत' किती वेळा

१९७१च्या मार्गशीर्षात धाकट्या बहिणीचं लग्न धरलं होतं. मुलगा सैन्यात, बंगालच्या सीमेवर. माझं सासरही माहेरच्याच गावात, खर्ड्यात, आणि मी शाळेत शिकवायची, म्हणून याद्या माझ्याकडे आल्या: रुखवत, मांडव, आचारी, आणि सर्वांत वर नवरदेवाची रजा. रजा सोडून सगळ्यांपुढे खूण झाली होती.

संध्याकाळी वडिलांच्या ओट्यावर पाकिस्तानचा रेडिओ लागे. उर्दू फक्त शेजारच्या आजोबांना कळे. तरुणपणी ते पलीकडे मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, शिपाई होते. पूर्व बंगालातून माणसांचे लोंढे आपल्याकडे येत होते आणि पाकिस्तानचे पुढारी रेडिओवर रोज सांगत, यादवी वगैरे काही नाही, थोडे गुंड आहेत, बाकी शांत.

वडील म्हणाले, "एवढा मोठा मानूस रेडिओवर खोटं बोलंल व्हय? पत्रिका छापू."

"गड्या, मोगलाईत बी आसंच सांगायचे," आजोबा म्हणाले. "एकदा शांत म्हनले, तर समजायचं कुठंतरी पेटलंय. तीनदा म्हनले, की आमी बायकापोरं गाडीत घालून हिकडं धाडायचो."

पत्रिका छापल्या. मी यादीत नवा रकाना पाडला: 'शांत' किती वेळा. ऐकताना आजोबा एकेक बोट मुडपत, मी आकडा लिहून घेई. बहीण कधी काही विचारायची नाही. रकाना तेवढा बघून जायची. दिवाळीआधी तीन. तुळशीच्या लग्नाला पाच. मग एका संध्याकाळी आजोबांच्या दोन्ही हातांची बोटं संपली.

सकाळी शाळेच्या आधी जाऊन मी आचाऱ्याला थांबवून आले.

चार दिवसांनी तार आली. रजा रद्द.

वडिलांनी तार माझ्या हातात दिली. "आता आचाऱ्याला कोन सांगनार?"

"सांगून झालं."

युद्ध झालं, संपलं. फाल्गुनात लग्न लागलं, त्याच पत्रिकांवर, तारीख खोडून.

पहिल्यांदा जेवायला आलेल्या जावयाला वडिलांनी विचारलं, "तिकडं लई कठीन गेलं आसंल?"

"काय न्हाई, मामा. सगळं शांत हुतं."

भात वाढताना वडिलांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. पुरणपोळीला तिसऱ्यांदा. तो खाली ताटाकडे बघत होता, पोळी तशीच होती.

समोर बसलेल्या आजोबांची तीन बोटं मुडपली होती. बहिणीनं ती पाहिली. तुपाची वाटी खाली ठेवून ती वडिलांना म्हणाली, "आबा, आता ह्यांना काही इचारू नका."