एकच रस्ता, एकच पंप

लंडनजवळ हॅरोला होतो तेव्हा पेट्रोल पंप ही काय बघायची गोष्ट आहे असं मला कधी वाटलं नाही. पिनरकडं जा, स्टॅनमोरकडं जा, दोन सिग्नल गेले की पंप. कुठं कुठं तर समोरासमोर दोन. ह्यानं पाटीवरचा भाव उतरवला की त्यानं पण उतरवायचा. बाहेर बादलीत फुलं, आत दूध, पाव, पेपर. एका पंपावर तर मला कोथिंबीर मिळायची. तो चालवणारा गुजराती होता, मला बघितलं की जुडी काढून ठेवायचा.

मी चौथी शिकलेली बाई, जुन्नरकडची. मालक वारले तसं मुलानं मला इकडं आणलं. तो कॉम्प्युटरवर काम करायचा. सून पुण्याची, शिकलेली, गाडी चालवणारी. तिचा व्हिसा त्याच्या नोकरीवर. "माझ्या कागदावर आलीस, माझ्याच कागदावर परत जाशील," असं तो तिला म्हणायचा.

तो मारायचा.

मार म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. माझ्या डाव्या कानानं ऐकू येत नाही ते मालकांच्या हातामुळं. पण मालक रागात मारायचे आणि मग दोन दिवस तोंड लपवून हिंडायचे. हा शांतपणानं मारायचा. मारून झालं की हात धुवायचा आणि टीव्ही लावायचा. सुनेचं पहिलं पोर हॅरोलाच पोटात गेलं. जिन्यावरनं पडले, असं तिनं हॉस्पिटलात सांगितलं. जिन्यावरनं कोणी पडलं नव्हतं. ती लाथ होती. मी ओट्यापाशी उभी होते, लाथेचा आवाज मला कळतो.

त्यानंतर एकदा ती पळाली. गाडी घेऊन स्टॅनमोरला मैत्रिणीकडं गेली. ह्यानं गोड बोलून, पाया पडून तिला परत आणली. आणि महिना गेला नाही तर म्हणाला, मला स्कॉटलंडमध्ये काम मिळालंय, वरच्या टोकाला, धरणावरच्या वीजघरात. जायचं.

जाताना सुनेच्या मांडीवर रस्त्यांचं पुस्तक होतं. पंप दिसला की ती त्या पानावर पेन्सिलनं बारीक ठिपका द्यायची. मला वाटलं वेळ घालवतीये. लंडनच्या पानावर तिनं ठिपके दिलेच नाहीत, द्यायला जागाच नव्हती. पुढं डोंगर लागले तसे ठिपके लांब लांब गेले. शेवटच्या पानावर, आम्ही राहायला गेलो तिथं, एक ठिपका. त्याच्या मागचा दीड तास मागं राहिलेला, मोठ्या गावात. पुढं समुद्र.

तो एक पंप म्हणजे एका बाईच्या दुकानासमोर दोन नळ्या. बाई माझ्याच वयाची, हाडापेरानं मोठी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. तिथं आपल्याकडच्यासारखं तीच गाडीत पेट्रोल घालायची. मुलगा तिच्याशी फार गोड. गाडीत पेट्रोल घालायला तोच न्यायचा आणि थोडंच घालायचा. गाडीची किल्ली मात्र सुनेच्या हातात. लोकांना वाटायचं, केवढा मोकळा नवरा, बायकोला गाडी देतो! गाडी होती, पण काटा कायम तांबड्यावर. डॉक्टरकडं जाऊन यायचं तेवढंच. तिच्या हातात एक पेनी नसायची. लंडनला असताना त्याला हे जमलं नसतं. इथं जमलं. म्हणूनच त्यानं ती जागा निवडली होती, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

तिथं गेल्यावर पहिल्याच रविवारी मी धुणं दोरीवर घातलं. ऊन पडलं होतं, सोडायचं कशाला. पंपवाली बाई रस्त्यानं त्यांच्या देवळातनं, चर्चमधनं येत होती, डोक्याला काळी टोपी. ती फाटकातनं आत आली, दोरीवरनं माझी लुगडी एकेक काढली, घडी घातली आणि ओलीच माझ्या हातात दिली. मग बोट वर करून म्हणाली, "संडे." सून म्हणाली, "अहो आई, इथं रविवारी काम करत नाहीत. देवाचा दिवस." मला राग आला होता. परक्याच्या लुगड्यांना हात लावते म्हणजे काय!

सुनेला पुन्हा दिवस गेले. पाचवा लागला तोवर तिनं पोट लपवलं. कळलं त्या दिवशी त्यानं तिचा ओठ फोडला, डोळा सुजवला आणि वर म्हणाला, "मला विचारलं होतंस?" ती भिंतीला टेकून पोटाशी हात धरून बसली होती. तो लाथ उचलायला लागला तशी मी मध्ये पडले. माझ्या बरगडीवर बसली. तो म्हणाला, "आई, तू मध्ये येऊ नकोस. आज वाचली, रोज तू असणारेस का?"

हे पोर जगवायचं, एवढंच मग माझ्या डोक्यात राहिलं.

मी सुनेला म्हणलं, "निघायचं."

"कशावर, अहो आई? काट्याकडं बघा. डोंगरसुद्धा चढणार नाही."

"पंप आहे की. पैसे आहेत माझ्याकडं, हॅरोला भाजीतनं मागं टाकलेले."

रोज दुपारी तो जेवायला घरी यायचा. रविवारी पाळी असली की दिवसभर धरणावर. म्हणून आम्ही रविवार धरला. दोघींच्या डोक्यात आलं नाही. धुण्याचं माहीत होतं, दुकानाचं माहीत होतं. पण पंप बंद असतो हे आम्हाला सुचलंच नाही. हॅरोला पंप बंद बघितलाय कोणी? दवाखान्यासारखा तो, उघडाच असायचा.

पंपाशी गेलो तर नळ्यांना कुलूप. दुकानाला पडदा. रस्त्यावर माणूस नाही, सगळे देवळात. सुनेनं स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. परत जायलाही पेट्रोल पुरेल की नाही सांगता येत नव्हतं. मोबाईल तिथं चालायचा नाही.

"थांबायचं," मी म्हणलं. "देऊळ सुटेल."

सुटलं. ती बाई काळी टोपी घालून आली. आम्हाला बघून लांबूनच मान हलवली. "नो. संडे." मी नोटा पुढं धरल्या. तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी सुनेचं तोंड तिच्याकडं फिरवलं. ओठ सुजून जांभळा झाला होता, एक डोळा मिटलेला. मग तिच्या पोटावर हात ठेवला आणि बाईकडं बघितलं. मला इंग्रजी येत नव्हतं. दुसरं काय करणार?

बाई उभी राहिली. तोंडावरची रेघ हलली नाही. मग टोपी काढली, दुकानाच्या मागं गेली आणि दोन हिरवे डबे घेऊन आली. पत्र्याचे, जाड, लष्करात असतात तसले. गवत कापायच्या मशिनीसाठी ठेवलेले तिच्या घरचे. पंपाचं कुलूप तिनं काढलं नाही. मी परत नोटा दिल्या तर माझी मूठ बंद करून परत माझ्या छातीशी नेली. सून म्हणाली, "आज विकणार नाही म्हणते. देतेय."

एक डबा तिनं नरसाळं लावून गाडीत ओतला. दुसरा माझ्या हातात होता, काठोकाठ भरलेला. तेवढ्यात धरणावरची पांढरी व्हॅन आली.

त्याला कसं कळलं म्हणून विचारतात. काही कळायला नको होतं. काम लवकर आटपलं, घरी आला, घर मोकळं दिसलं. एकच रस्ता, एकच पंप. शोधायला किती अक्कल लागते?

व्हॅन त्यानं आमच्या गाडीपुढं आडवी घातली. उतरला तो हसतच. पंपवालीला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. सून नंतर म्हणाली, बायकोचं डोकं ठिकाणावर नाही, असं सांगितलं. मग खाली वाकून हळू आवाजात सुनेला, "उतर."

ती हलली नाही.

"उतर म्हणलं ना. तमाशा करू नकोस."

"मी जाणारे," ती म्हणाली.

"कुठं? डब्यावर जाणार लंडनला?" तो माझ्याकडं बघून हसला. "आणि आई, तू पण? ह्या वयात पळून जाणार?"

त्यानं दार उघडलं आणि तिची वेणी धरली. डोकं दाराच्या कडेवर आपटलं, एकदा, परत एकदा. रक्त तिच्या डोळ्यात आलं. ती अर्धी बाहेर आली, अर्धी पट्ट्यात अडकली. पंपवाली ओरडली, त्याच्या दंडाला लोंबकळली. त्यानं कोपर मारला, ती खाली बसली. आणि मग त्यानं पाय मागं घेतला. तो पाय मी ओळखला. मालक तसाच मागं घ्यायचे.

मी डबा दोन्ही हातांनी फिरवला आणि त्याच्या उभ्या गुडघ्यावर घातला.

लाकूड फुटावं तसा आवाज झाला. तो खाली आला. माझा घोटा धरला, ओढायला लागला. मी त्या हातावर डबा उभा टाकला. बोटं सुटली.

"जा," मी सुनेला म्हणलं.

"अहो आई, बसा ना गाडीत!"

"ह्याच्यापाशी कोणीतरी पाहिजे. तू जा. थांबू नकोस कुठं."

पंपवालीनं तोच भरलेला डबा उचलून सुनेच्या मागच्या सीटवर ठेवला. व्हॅन आडवी होती. सुनेनं गाडी गवतातनं काढली, चाक खड्ड्यात गेलं, निघालं. वळणापाशी ती दिसेनाशी झाली.

मी त्याच्याजवळ बसले. पाय उलटा झाला होता. आधी त्यानं मला आईवरनं शिव्या दिल्या, मी त्याचीच आई. मग रडायला लागला, "आई, पाणी." पाणी पाजलं. डोकं मांडीवर घेतलं. त्याच्या बोटांचं रक्त माझ्या लुगड्याला लागलं.

पंपवालीनं दुकानातनं फोन केला. पोलीस आले, ॲम्ब्युलन्स आली. त्यांनी फोनवर एक मराठी बाई लावून दिली, ती ह्यांचं मला सांगायची आणि माझं ह्यांना. मुलानं पोलिसांना सांगितलं होतं, पाय घसरून पडलो. त्यांनी मला विचारलं, हा कसा पडला?

मी म्हणलं, "पडला नाही. मी मारलं, डब्यानं. आमच्या घरात कोणी पडत नाही. त्याची बायको हॅरोला जिन्यावरनं पडली नव्हती आणि परवा तिचा ओठ फुटला तो पण पडून नाही. सगळं लिहून घ्या."

फोनवरची बाई म्हणाली, खरंच असंच सांगू? मी म्हणलं, "सांग की त्यांना." मग तिनं सांगितलं. पंपवालीनंही उभ्या उभ्या आपलं सांगितलं, कोपर लागलेला जबडा धरून. एक पोलीस त्याच्याबरोबर ॲम्ब्युलन्समधनं गेला. मला नेलं नाही, परत येऊ म्हणाले.

मग मी त्या बाईच्या स्वयंपाकघरात बसून राहिले. तिनं चहा दिला. दोघींना एकमेकींचं बोलणं कळत नव्हतं. मला एकच विचार, दीड तासाचा डोंगर, डोळ्यात रक्त आणि पोट. डबा गाडीत आहे, तो तिला ओतता येईल का? आणि त्या मोठ्या गावातला पंपही रविवार पाळत असला तर?

अंधार पडायच्या आत फोन वाजला. बाईनं ऐकलं आणि माझ्याकडं धरला. मी उजव्या कानाला लावला.

"अहो आई," सून म्हणाली. "इथला पंप उघडा आहे. काटा वर आलाय. आधी दवाखान्यात गेले होते. पोर हलतंय."

मी बरं म्हणलं आणि ठेवला.

आता नात चार वर्षांची आहे. आम्ही तिघी हॅरोलाच असतो. मुलाला शिक्षा झाली, तो लंगडतो असं ऐकलंय. मी भेटायला गेले नाही. सून काटा अर्ध्याखाली जाऊ देत नाही. रस्त्यावर पाच पंप असोत. मागून नात ओरडते, "मम्मी, परत पेट्रोल? गाडीचा पोट भरला आहे!"

पंपवालीला सून फोन करते. मागच्या खेपेला कळलं, तिचा पंप कायमचा बंद झाला. टाक्या जुन्या झाल्या, नव्या बसवायला परवडेना. आता तिथल्या माणसाला पेट्रोलसाठी त्या मोठ्या गावातच जायचं. मी म्हणलं, तिला विचार, ते डबे कुठंयत? गाडीतला सुनेनं नंतर तिला परत पोचवला होता.

सुनेनं विचारलं. दाराशीच ठेवलेत म्हणाली, दोन्ही भरलेले. एक थोडा चेपलाय.