ट्रेलरवरचा माणूस

माझ्या मावशीच्या घरी संदेशाचा डबा आला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. नोलेन गुळाचे, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचे संदेश, बंगाली मिठाईतला थंडीतला खास माल. काका नोकरीला होते त्या कारखान्याच्या मालकानं पाठवलेले. आणि येत्या सोमवारी काकांना परवाना कार्यालयात उभं राहून याच मालकाबद्दल तोंड उघडायचं होतं.

"घे की एक," मावशी म्हणाली.

"लाच खात नाही मी."

"अगं, संदेश आहे तो."

"ह्या शहरात लाच संदेशाच्याच आकाराची असते."

मावशी हसली. "तुझं मराठी पत्रकासारखं झालंय गं." काका, म्हणजे मावशीचे यजमान, खाटेवर बसून बुटांना पॉलिश करत होते. त्यांनी डब्यातला एक संदेश उचलला, शांतपणे खाल्ला आणि पुन्हा ब्रश हातात घेतला. मी ते बघून ठेवलं.

काका लष्करात मोटारगाड्यांच्या तुकडीत हवालदार होते. सगळी हयात ट्रकच्या स्टिअरिंगवर गेली, शेवटचं पोस्टिंग फोर्ट विल्यमला झालं, आणि निवृत्त झाल्यावर साताऱ्याकडं परत जायच्या ऐवजी कलकत्त्यातच डमडमला दोन खोल्या घेऊन राहिले. कारण त्यांची मुलगी. ती इथल्या शाळेत वाढली, मराठीपेक्षा बांगला भरभर लिहायची आणि शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. काका हावड्याला बिडाचे पाइप ओतणाऱ्या एका कारखान्यात ड्रायव्हर म्हणून लागले होते. परवाना गेला तर ती नोकरी जाणार, नोकरी गेली तर डमडमचं घर सुटणार आणि मुलीला अर्ध्यातून उचलून गावाकडच्या शाळेत घालावं लागणार. एवढं सगळं परवान्याच्या त्या एका छोट्या लाल पुस्तकावर टांगलं होतं.

मी बँकेतल्या अधिकाऱ्याची मुलगी, कलकत्त्यातच वाढलेली. कॉलेज संपल्यावर ड्रायव्हर लोकांच्या एका लहानशा संघटनेसाठी पत्रकं लिहायचे. मोटार कायद्याचं पुस्तक मी इतर मुली कादंबऱ्या वाचतात तसं वाचलं होतं. त्यातलं एक वाक्य मला पाठ होतं. ठरल्यापेक्षा जास्त वजनाची गाडी जो चालवतो तो तर दोषी आहेच, पण जो चालवायला लावतो आणि जो चालवू देतो तोही दोषी. कायद्यात लिहिलं होतं बरं का. आणि तरी आमच्या संघटनेत येणारा जो तो ड्रायव्हरच असायचा. दंड झालेला, परवाना गेलेला. चालवायला लावणारा मालक कधी कुठल्या कचेरीच्या बाकावर बसलेला मी पाहिला नव्हता. तेव्हा माझ्या संशयी स्वभावाला कुणी नावं ठेवू नयेत.

झालं होतं असं. मालकानं लष्कराच्या लिलावात एक जुना दणकट ट्रक घेतला होता, आणि त्याच्याबरोबरच त्याच्या मागं जोडायचा ट्रेलर. वर हिरवा रंग फासला होता, पण खालून खाकी डोकावायचा. पुढच्या बंपरवर एक गोल पिवळी तख्ती तशीच राहिली होती, तिच्यावर काळा आकडा. कारखान्याच्या अंगणातल्या सगळ्यांची समजूत अशी की, हा ट्रक तेवढे टन ओढतो, सरकारनंच लिहून दिलंय. मी पहिल्यांदा ती तख्ती पाहिली तेव्हा काकांना विचारलं, हे काय? ते म्हणाले, लष्करात कुठल्या पुलावरून कुठली गाडी जाऊ द्यायची ते ठरवायला असे आकडे असतात. मालाशी त्यांचा संबंध नाही. "मग मालकाला सांगा की," मी म्हटलं. "सांगितलं," ते म्हणाले. "तो म्हणतो, हवलदार साहब, आप डरते बहुत हैं."

मालासाठी नियम वेगळे होते आणि ते मला काकांपेक्षा जास्त ठाऊक होते, कारण तीच माझी लढाई होती. नुसता ट्रक चालवणं वेगळं, मागं ट्रेलर जोडला की हिशेब बदलतो. ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते, त्याच्या कुशीवर त्याचं रिकामं आणि भरलेलं वजन रंगवावं लागतं, पाठीवर 'टी' हे चिन्ह लागतं. आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे ट्रेलरचा हातब्रेक लावू शकेल असा एक मोठा माणूस बरोबर असावा लागतो. चढावर जोडाचा खिळा निसटला तर ट्रेलर मागं घसरतो, मग स्टिअरिंगवरचा माणूस कितीही पक्का असला तरी त्याच्या हातात काही राहत नाही.

आधी असा ब्रेकवाला होता. बिहारकडचा, विडी फुंकणारा, ट्रेलरच्या कडेला बसून अख्ख्या रस्त्याला शिव्या देत जाणारा. मालकानं त्याला उचलून भट्टीवर लावला. ट्रेलर माणसाविना धावू लागला, आणि पाइपांचे थर वाढत गेले. एके सकाळी हावडा पुलाच्या चढावर पोलिसानं गाडी थांबवली, बाजूला घेऊन काट्यावर चढवली. वजन जास्त. ट्रेलरवर माणूस नाही. काकांचा परवाना ठेवून घेतला आणि तो काही महिन्यांसाठी रद्द का करू नये, हे सांगायला या, अशी नोटीस आली.

मालक कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटला की, ड्रायव्हरनं आपल्या मर्जीनं ट्रेलर जोडला. आणि वर संदेश!

रविवारी मी काकांना पढवायला बसले. "तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं. ब्रेकवाल्याला मालकानं काढलं, माल मालकानं चढवायला लावला, मी नको म्हटलं तरी मला पाठवलं."

"हं."

"हं काय? म्हणून दाखवा."

"म्हणेन की वेळेवर."

"काका, तुम्ही नको म्हटलं होतं ना त्याला?"

"म्हटलं होतं."

"मग गेलात कशाला?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी पाऊस वरून का पडतो ते विचारलं. "हुकूम झाला. आधी नको म्हणून बजावायचं, मग तामिली." मला संताप आला. कारखान्याचा मालक म्हणजे काय कर्नल? पण त्यांचे बूट आरशासारखे चमकत होते आणि मावशी दारात उभी होती, म्हणून मी नोटीस घडी करून पिशवीत टाकली.

सोमवारी अधिकाऱ्याच्या खोलीत काका सावधान उभे राहिले. बसायला खुर्ची होती. बसले नाहीत. अधिकारी चष्म्यावरून बघत राहिला.

"गाड़ी किसके चार्ज में थी?"

"मेरे चार्ज में, साहब."

"ट्रेलर किसने जोड़ा?"

"मैंने, साहब."

"ओवरलोड था, मालूम था?"

"मालूम था, साहब."

मी मागच्या बाकावर ओठ चावत होते. आता, आता बोला. अधिकाऱ्यानं विचारलं, "और कुछ कहना है?" काकांनी खोलीत इकडंतिकडं नजर फिरवली, दाराकडं पाहिलं आणि म्हणाले, "अभी नहीं, साहब." अधिकाऱ्यानं काहीतरी लिहिलं. "ठीक है." काका गर्रकन वळले आणि पाय आपटत बाहेर आले.

बाहेर त्यांनी मातीच्या भांड्यातला चहा घेतला. चेहरा अगदी समाधानी.

"हे काय केलंत तुम्ही?"

"विचारलं ते सांगितलं."

"मालकाचं नाव?"

"घेईन की. त्याची वेळ आल्यावर."

"वेळ आली आणि गेली!"

"तू फार घाई करतेस गं पोरी," ते म्हणाले आणि भांडं नाल्यात फेकलं.

घरी येऊन मी आईला सांगितलं, संदेश पचला. आई चिडली, बहिणीच्या नवऱ्याबद्दल असं बोलतात का म्हणून. मी म्हटलं, नवरा कुणाचाही असो, माणूस साक्ष का गिळतो याची दोनच कारणं असतात, भीती नाहीतर मोबदला, आणि काका घाबरट नाहीत. हे मी तेव्हा म्हटलं, आणि मला त्याची लाज वाटत नाही. त्या काळात मी जे पाहत होते ते पाहणाऱ्या कुणीही असंच म्हटलं असतं.

मग निकालाचा कागद आला. परवाना सहा महिन्यांसाठी स्थगित. मी डमडमला पोचले तेव्हा काका तो कागद उलटून मागची कोरी बाजू बघत होते.

"बाकीचं कुठंय?" त्यांनी मला विचारलं.

"बाकीचं काय?"

"मालकाला कधी बोलावलं?"

"कुणीच बोलावलं नाही."

"मग निकाल लागला कसा?" त्यांचा आवाज चढला, पहिल्यांदाच ऐकला मी तो असा. "लष्करात आधी ड्रायव्हरला आत घेतात. गाडी तुझ्या ताब्यात होती का, होती. संपलं. मग ज्याचा हुकूम होता त्याला आत आणतात, माझ्यासमोर उभं करतात. मग मी बोलतो, तो ऐकतो, तो मला उलट विचारतो. माणूस समोर नसताना त्याचं नाव घ्यायचं म्हणजे चुगली. मी दाराकडं बघत होतो, आता मालकाला आणतील म्हणून."

मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तिथं कुणी कुणाला आणत नसतं. कचेरी आहे ती."

मला ते खरं वाटावं असं वाटत होतं, म्हणूनच मी विश्वास ठेवला नाही. पुढच्या आठवड्यात आमच्या मराठी मंडळाच्या तिळगुळाला फोर्ट विल्यममधले एक मेजर आले होते, त्यांना बाजूला घेऊन विचारलं. एखाद्या जवानाला माणूस समोर नसताना त्याच्याविरुद्ध बोलायला सांगतात का? ते तिळगुळ तोंडात धरून म्हणाले, "छे! समोरासमोरच होतं सगळं." आणि मग खरोखरच कुतूहलानं, "का? सिव्हिलमध्ये कसं करतात?"

त्याच रात्री मी कागद काढला.

वरच्या अधिकाऱ्याकडं अपील मी लिहिलं. आयुष्यात लिहिलेलं सर्वांत कमी विशेषणांचं लिखाण. एकच मागणी: चालवायला लावणाऱ्याला बोलवा, आणि ड्रायव्हरच्या समोर बोलवा. ती मान्य होईल अशी मला आशा नव्हती. मान्य झाली तेव्हा मला वाटलं यातही काहीतरी डाव असणार.

मालक आला. शाल, चंदनाचा वास, खुर्चीवर ऐसपैस. काका पुन्हा सावधान, पण ह्या खेपेला तोंड अधिकाऱ्याकडं नव्हतं. ते सरळ मालकाकडं बघून बोलले.

"आपने ब्रेकवाले को भट्टी पर भेजा. मैंने कहा था, बिना आदमी के ट्रेलर नहीं जाएगा. मैंने कहा था, माल कम कीजिए. आपने कहा, ले जाओ."

एवढंच. एक शब्द जास्त नाही. मालक हसला, कुणी आपल्या लाडक्या म्हाताऱ्या नोकरावर हसावं तसा. "अरे हवलदार साहब, तो इसमें क्या हो गया? मिलिटरी का माल है. आगे पीली तख्ती पर नंबर लिखा है, उतना तो खींचेगा ही. यही तो मैंने कहा था आपसे."

अधिकाऱ्याचं लिहिणं थांबलं. "आपने कहा था?"

मालकानं माझ्याकडं पाहिलं, का कुणास ठाऊक. मग शाल सारखी केली. तो त्यानंतर बरंच बोलला, पण जे बोलायचं ते बोलून झालं होतं. आणि ती तख्ती! ज्या आकड्याचा मालाशी सुतराम संबंध नाही, त्या आकड्याच्या भरवशावर माणूस कचेरीत येऊन आपण होऊन सांगून गेला.

स्थगिती उठली. लाल पुस्तक परत मिळालं. मालकाची वेगळी केस होईल असं आम्हाला सांगण्यात आलं. ती झाली का, झाली तर तिचं काय झालं, हे मी नंतर किती तरी वेळा विचारायला गेले. दर वेळी टेबलामागं नवा माणूस. मला जे वाटतं ते मला वाटतं.

आणि काका काय करतील? परत त्याच कारखान्यात रुजू! मी भडकून डमडमला गेले.

"त्याच माणसाकडं?"

"मागं ब्रेकवाला बसवलाय. कुशीवर वजन रंगवून घेतलंय. परवाना खिशात आहे. आता गाडी का सोडू?"

"तो उद्या परत काढेल त्याला."

"काढला तर मी निघणार नाही. त्याच्यासमोर सांगितलंय." त्यांनी मुलीकडं मान वळवली, ती खिडकीपाशी परीक्षेचं घोकत होती, आणि आवाज खाली आणला. "एवढं वर्ष निघू दे गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हावडा पुलाच्या चढाशी जाऊन उभी राहिले. ट्राम, हातगाड्या, स्टेशनातून सुटलेला लोंढा. मग तो हिरवा ट्रक आला, मागं ट्रेलर, पाइपांचे थर पूर्वीपेक्षा खाली. ट्रेलरच्या कडेला तोच बिहारी, विडी तोंडात, एक हात ब्रेकच्या दांड्यावर, पुढच्या हातगाडीवाल्याच्या सात पिढ्या उद्धारत. पिवळी तख्ती अजून होतीच. काकांनी मला पाहिलं. हात हलवला नाही, चढावर ते हात हलवत नाहीत.

ट्रक पुलावर गेला. 'टी' चिन्ह गर्दीत दिसेनासं झालं. मी संघटनेच्या ऑफिसला जायचं सोडून तिथंच थांबले, कारण माल उतरवून रिकामा ट्रेलर याच वाटेनं परत येणार होता, आणि परतीच्या वेळी तो माणूस बसलेला असतो की नाही, ते मला बघायचं होतं.