मिस्त्रींची दिल्ली

भिंत दिसली की मिस्त्री आधी बोटाच्या पेरानं ती ठोकायचे. "पोकळ हाय," किंवा "भरीव हाय," एवढंच म्हणायचे आणि पुढे जायचे. आमच्या ऑफिसात आले त्या दिवशी त्यांनी संगणकाच्या पडद्यावरची भिंतही तशीच ठोकली. आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

पांढरकवड्यात, हायवेला लागून, टायरच्या दुकानाच्या माडीवर आम्ही चौघं काम करतो. हैदराबादची एक कंपनी व्हिडिओ गेम बनवते; त्यातली घरं, रस्ते आम्ही रचून देतो. तेव्हा बादशाही दिल्लीचं काम आलं होतं, १८५७ सालातल्या. आमच्या भिंती खोट्या दिसतात म्हणून कंपनीनं सगळं परत पाठवलं, तेव्हा मला मिस्त्री आठवले. आमच्या वॉर्डातल्या विहाराची भिंत त्यांनी बांधली त्या वेळी मी शाळेत होते. परांचीवरून पडून पाय अधू झाल्यापासून ते घरीच बसून होते.

"माती नाही, चुना नाही, मंग हातानं करू काय?" अशी कुरकुर करत ते महिन्याभरात माऊस शिकले. जुन्या दिल्लीच्या पातळ विटा, ओल चढलेला चुना, पावसाच्या पाण्यानं पडलेले ओघळ त्यांनी असे उतरवले की कंपनी खूश झाली. गच्चीवर मिरच्या वाळवणारी एक म्हातारी त्यांनी बसवली आणि तिच्या जिन्याच्या पायऱ्या ठेंगण्या केल्या. "घुडघे दुखत असन तिचे," म्हणाले. स्वतःचा पाय चोळत म्हणाले.

मग सूचना आली : प्रत्येक भिंत सुट्या तुकड्यांत रचा.

मिस्त्रींनी माऊस बाजूला सारला. "पोरी, सुटी भिंत कोणी मांगते तं ते पाडासाठीच मांगते."

"गेमला तसं लागतं, मिस्त्री."

"कायले लागते ते इचार."

विचारायची वेळ आलीच नाही. काही दिवसांनी पुढचा कागद आला. इंग्रजांनी दिल्ली परत घेतल्यावर किल्ल्याभोवतीचे मोहल्ले पाडले होते. ते खेळणाऱ्यानं पाडायचे. सुरुंग लावायचा, घर कोसळलं की गुण. तोवर आमच्या दिल्लीत नुसता वाऱ्याचा आवाज होता. आता कंपनीनं तिच्यावर तांबूस आभाळ घातलं. मिस्त्री एखाद्या चौकात येऊन थांबायचे आणि माऊस न हलवता नुसते बघत बसायचे.

"लोकायले आधी बाहीर काढते, का आतच ठेवते?" त्यांनी विचारलं.

मी कंपनीला विचारलं. उत्तर आलं : आतच राहू द्या, धावपळ चांगली दिसते.

ते ऐकून मिस्त्री कामाला लागले. कोणती भिंत कुठून तडकेल, छत कोणत्या बाजूला बसेल, सगळं त्यांनी आखून दिलं. इतकं सफाईदार काम आमच्याकडून कधी झालं नव्हतं. पण आठवड्यानं फोन आला. या मोहल्ल्यात कोणीच मरत नाही. घरं पडतात, माणसं गायब.

मी शोधलं. प्रत्येक घराच्या मागे एक छोटं दार होतं. सगळी दारं एका अरुंद गल्लीत उघडत होती, आणि गल्ली थेट नदीकडच्या दरवाजाला जाऊन भिडत होती.

"हे नकाशात नाही, मिस्त्री."

"नकाशा पाडणाऱ्याचा हाय," ते म्हणाले. "राहणाऱ्यायले गल्ली मालूम रायते."

कंपनीनं सांगितलं, आजच्या आज गल्ली बुजवा, नाहीतर काम दुसरीकडे देतो. आम्ही चौघं त्या एका कामावर उभे होतो. मिस्त्री शेजारीच बसले होते. मी त्यांचीच एक भिंत उचलली आणि गल्लीच्या तोंडाशी आणून ठेवली. क्षणभराचं काम. त्यांनी माझा हात धरला नाही. उठले, डबा घेतला, कठडा धरून एकेक पायरी उतरले. खालून ट्रक गेला, तशी माडी हादरली.

ते परत आले नाहीत. मारेगावला मुलीकडे राहायला गेले. जाऊन भेटायचं मी टाळत राहिले.

गेम बाजारात आला. एका दुपारी मी तो उघडून त्या मोहल्ल्यात गेले. सुरुंग उडाले. माणसं मागच्या दारांतून गल्लीत आली, भिंतीपर्यंत धावली, वळली, पुन्हा भिंतीपर्यंत आली. मी गेम बंद केला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते आजारी असल्याचं कळलं, आणि मी मारेगाव गाठलं. ती आमची शेवटची भेट. पुढे ते चारच दिवस होते. खाटेवर पडले होते. मुलीनं उशी वर केली. माझी चौकशी नाही, ऑफिसची नाही.

"पोरी, लोकं निंघाले काय?"

"निंघाले, मिस्त्री. सगळे."

ते माझ्याकडे पाहत राहिले.

"तू होती तिथं?"

"होते."

"मंग बरं," म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.